आपली गल्ली आपणच सुधारायची म्हणजे नेमकं काय? घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेल्या ‘एएलएम’ची गोष्ट

तुमच्या एरियातला सगळ्यात घाण कोपरा कोणता, असं विचारलं तर उत्तर द्यायला कुणालाही दोन सेकंद लागत नाहीत. डीपीच्या मागचा, शाळेच्या भिंतीलगतचा, नाहीतर बंद पडलेल्या टपरीशेजारचा. त्याचा फोटो ग्रुपवर पडतो. खाली रागावलेले चेहरे येतात, ‘टॅक्स कशाला भरतो आपण’ हा ठरलेला मेसेज येतो, आणि रात्री कुणीतरी गुड नाईटचं फूल टाकलं की विषय संपतो. दुसऱ्या दिवशी कोपरा तसाच.

१९९७ च्या सुमारास मुंबईत घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी हा विषय दुसऱ्या बाजूने धरला. कचरा उचलला जात नाही ही तक्रार तर होतीच. पण त्यांनी महापालिकेपुढे अशी मांडणी केली की आम्ही आमच्या घरातला कचरा ओला आणि सुका असा वेगळा करून देतो, ओल्याचं खत इथेच करतो, गल्लीवर लक्ष ठेवतो. तुम्ही तुमचं काम वेळेवर करा. महापालिकेला ही पद्धत पटली आणि तिने ती शहरभर नेली. त्याचं नाव पडलं ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’. सरकारी मराठीत ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’, पण हे नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. मुंबईत सगळे ‘एएलएम’च म्हणतात. पुढे या गटांची नोंदणी सातशेच्या घरात गेली.

आपल्या भागाचा अभिमान, परिसर सुधारणा, लोकसहभाग हे शब्द भाषणात छान वाटतात. ते रस्त्यावर उतरले की कसे दिसतात, कुठे अडतात आणि कुठे चक्क वाकड्या वाटेने जातात, हे बघायला एएलएमसारखं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

तेव्हाच का सुरू झालं?

नव्वदच्या दशकात मुंबईचा जवळजवळ सगळा कचरा गाड्यांत भरून शहराच्या टोकाला नेऊन ओतला जायचा. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे, म्हणजे तेव्हाच त्याला सत्तर वर्षं होत आली होती. कचऱ्याचं वर्गीकरण, प्रक्रिया वगैरे प्रकार नव्हता. ओलं, सुकं, काच, चप्पल, खरकटं, सगळं एकाच ढिगात.

अशा ढिगातला ओला कचरा हवेशिवाय कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. मिथेन पेट घेतो. २०१६ च्या जानेवारीच्या शेवटी देवनारला लागलेली आग आणि नंतर मुंबईवर पसरलेला धूर अनेकांना आठवत असेल. शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. आपल्या स्वयंपाकघरातली वांग्याची देठं आणि हा धूर यांचा थेट संबंध आहे, हे तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा समजलं.

१९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी देशातल्या शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. त्यातूनच २००० साली शहरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले आणि कचरा उगमापाशीच वेगळा करायचा ही गोष्ट कागदावर आली. जोशी लेनचं काम या नियमांच्या आधीचं आहे, हे लक्षात घेण्यासारखं. कायदा यायच्या आधी एका गल्लीने ते करून पाहिलं होतं.

एएलएम प्रत्यक्षात चालतं कसं?

एका गल्लीतल्या, रस्त्यावरच्या किंवा चार-पाच इमारतींच्या लोकांनी एकत्र येऊन समिती करायची आणि ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये नोंदवायची. वॉर्डात या गटांशी बोलण्यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. ठरावीक दिवशी बैठक होते, तिथे सहायक आयुक्त म्हणजे वॉर्ड ऑफिसर आणि खात्यांचे लोक असतात. रस्ता, गटार, दिवे, कचरा, झाडं, जे काही असेल ते मांडायचं. मागच्या बैठकीत काय ठरलं होतं आणि त्याचं काय झालं, हे विचारायचं.

ऐकायला हे फारच साधं आहे. पण यातली खरी गंमत त्या शेवटच्या वाक्यात आहे. एकट्या माणसाने केलेली तक्रार ही एक चिठ्ठी असते. ती निकाली निघाली असा शेरा मारला की ती संपते. दर महिन्याला तेच लोक तीच वही घेऊन समोर बसतात, तेव्हा ‘निकाली’ म्हणताना अधिकाऱ्यालाही जरा विचार करावा लागतो. शिवाय उलट बाजूही असते. समोर बसलेल्यांना महापालिकेचं काम कसं चालतं ते समजायला लागतं. गटार कुठल्या खात्याचं, पावसाळी नाला कुठल्या खात्याचा, रस्ता खोदून गेलेली केबल कंपनी कुणाला उत्तरदायी, झाडाच्या फांदीची परवानगी कोण देतं. ही माहिती असलेली तीन माणसं गल्लीत असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

एएलएमचा पाया मात्र कचराच होता, आणि तिथे कामाची सुरुवात वॉर्ड ऑफिसमध्ये न होता ओट्याखाली होते. आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. चौघांच्या घरात दिवसाला साधारण अर्धा ते एक किलो. तो वेगळ्या डब्यात गेला की सुका कचरा कोरडा राहतो. कोरडा राहिला की कागद, पुठ्ठा, बाटल्या यांना भंगारात किंमत येते. आणि दोन्ही एकत्र झाले की डाळ सांडलेला पुठ्ठा कुणीच घेत नाही. सगळी गोष्ट या एका डब्यावर अडते.

मग ओल्याचं खत. अनेक एएलएमनी गल्लीच्या कडेला किंवा सोसायटीच्या मागच्या पट्टीत विटांचे हौद बांधले, काहींनी गांडूळखत केलं. यात काही रॉकेट सायन्स नाही. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर साधारण तेवढाच सुका पाला किंवा लाकडाचा भुसा, अधूनमधून ढवळून हवा द्यायची. दीड-दोन महिन्यांत खत होतं. वास यायला लागला तर समजायचं की ओल जास्त झाली आणि हवा कमी, पाला वाढवायचा. सोसायट्यांमधले खताचे प्रकल्प बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण हा वासच असतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पावसाळ्याआधी चार पोती सुका पाला भरून ठेवणं. ऑगस्टमध्ये सुका पाला शोधत फिरणाऱ्या सेक्रेटरीची अवस्था बघवत नाही.

घरोघरी सांगायचं कामही असतंच, आणि ते सगळ्यात चिकट. पहिल्या महिन्यात अर्धी घरं ऐकतात. उरलेल्यांचा मुद्दा ठरलेला: ‘आम्ही वेगळा देऊ हो, पण तुमची गाडी तर सगळा एकत्रच नेते.’ हा मुद्दा खोटा नसतो. ओला-सुका वेगळा करून दिल्यावर खालच्या गाडीत तो डोळ्यांदेखत एकत्र पडताना पाहिला, की माणूस दुसऱ्या दिवसापासून डबा एकच ठेवतो. लोकांचा भाग आणि महापालिकेचा भाग एकमेकांना किती घट्ट बांधलेले आहेत, ते इथे दिसतं. एक बाजू सुटली की दुसरी आपोआप सुटते.

कोपऱ्यावर ढीग का लागतो?

आता त्या डीपीच्या मागच्या कोपऱ्याकडे येऊ. कारण ग्रुपवरचा फोटो त्याचाच असतो.

याचा बारकाईने विचार केला तो बंगळुरूमधल्या ‘द अग्ली इंडियन’ या गटाने. २०१० मध्ये सुरू झालेला हा गट निनावी. कामाचं श्रेय कुणी घेत नाही, चेहरे दाखवत नाहीत, भाषणं करत नाहीत. ब्रीद ‘काम चालू, मुँह बंद’. एखादी घाणेरडी जागा निवडायची, तिथे आधी नुसतं निरीक्षण करायचं, मग एका सकाळी जमून ती साफ करायची, भिंत रंगवायची, पदपथ दुरुस्त करायचा, कुंड्या ठेवायच्या.

यात निरीक्षणाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि आपण नेमका तोच वगळतो. ढीग लागतो तेव्हा तिथे कचरा कोण टाकतं? दरवेळी ‘बाहेरचे लोक’ नसतात. कुणाची तरी ड्यूटी सकाळी सहाला सुरू होते आणि घंटागाडी आठला येते. कुणाकडे दिवसभर कुणी घरी नसतं. कुठल्या तरी दुकानाचा कचरा रात्री दहाला निघतो. कधी कधी झाडलोट करणाऱ्या कामगारालाच ढकलगाडी रिकामी करायला दुसरी जागा नसते, म्हणून तो तिथे ढीग करतो आणि गाडीची वाट बघतो. ढिगाला कारण असतं. ते कारण न काढता जागा साफ केली तर ती फार दिवस साफ राहत नाही.

भिंतीवर देवदेवतांच्या टाइल्स लावण्याचा आपला खास देशी उपाय याच कारणाने अर्धवट आहे. लघवी करणारा माणूस दहा पावलं पुढे सरकतो, कारण त्याला जायला मुतारीच नसते.

म्हणून ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी झाडू उचलायच्या आधी आठवडाभर त्या कोपऱ्यावर कोण, कधी, काय टाकतं याची नोंद ठेवावी. गाडीची वेळ अर्ध्या तासाने बदलली, किंवा उशिरा बंद होणाऱ्या चार दुकानांसाठी रात्रीची एक फेरी मिळाली, तर रंगाच्या डब्याची गरजच पडत नाही. ही वेळ बदलून घ्यायची तर आधी तुमच्या भागाचा मुकादम कोण हे माहीत हवं. आपल्या गल्लीचा मुकादम कोण, हे किती जणांना सांगता येईल? आमदाराचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

मग बरेच गट बंद का पडले?

सातशेच्या घरात नोंदणी झाली म्हणजे सातशे गल्ल्या सुधारल्या असं नाही. नुसते कागदावर उरलेले गट बरेच होते आणि महापालिकेनेच वेळोवेळी निष्क्रिय गटांची नोंदणी रद्द केली आहे.

कारणं फार गूढ नाहीत. बहुतेक गट तीन-चार माणसांच्या जीवावर चालतात, आणि ती माणसं बहुधा निवृत्त असतात. त्यांच्यातल्या एकाचे गुडघे गेले, एक मुलाकडे अमेरिकेला गेले, की बैठकीची वही कपाटात जाते. दुसरं म्हणजे वॉर्ड ऑफिसर बदलतो. एकाला हे काम मनापासून आवडतं, तो दर महिन्याला बैठक घेतो. त्याच्यानंतर आलेल्याला ती डोकेदुखी वाटते. एएलएम ही महापालिकेची योजना आहे, कायद्याने दिलेला हक्क नाही. त्यामुळे बैठक घेतलीच नाही तर गट फार तर पत्र लिहू शकतो.

आणि तिसरं, नगरसेवक. हे जरा नाजूक प्रकरण. निवडून आलेल्या माणसाला वाटतं की लोकांनी प्रश्न घेऊन माझ्याकडे यावं, अधिकाऱ्याकडे परस्पर जाऊ नये. त्याचं म्हणणं सगळंच चूक नाही. मतं त्याला मिळालेली असतात, समितीला नाही. हा ताण अनेक भागांत राहिला. जुहूमध्ये तर तो मतपेटीपर्यंत गेला. २००७ च्या महापालिका निवडणुकीत तिथल्या नागरिक गटांनी पक्षांना बाजूला ठेवून आपला उमेदवार उभा केला आणि अ‍ॅडॉल्फ डिसोझा ‘नागरिकांचे उमेदवार’ म्हणून निवडून आले. त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. पण तसं यश पुढे शहरभर पसरलं नाही.

उलट टोकाचं चित्र मार्च २०२२ नंतर दिसलं. मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. राज्यातल्या इतर अनेक शहरांतही हेच. नगरसेवकावर कितीही चिडलं तरी तो रस्त्यात गाठता तरी येतो. प्रशासकाला गल्लीतलं कुणी मत दिलेलं नसतं. ज्या भागांत एखादा जिवंत गट होता, तिथे निदान दार ठोठावायला चार माणसं होती.

गेटपर्यंतचा अभिमान

एएलएमवर एक गंभीर टीका होते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. हे गट प्रामुख्याने इमारतींत राहणाऱ्या मध्यमवर्गाचे राहिले. आपला भाग सुंदर करायचा म्हणताना काही ठिकाणी कामाची पहिली ओळ झाली ‘फेरीवाले हटवा’ आणि दुसरी ‘झोपड्या हटवा’. म्हणजे सकाळी ज्याच्याकडून कोथिंबीर घ्यायची, संध्याकाळी त्याच्याच विरुद्ध अर्ज. मुंबईची निम्म्याच्या जवळपास लोकसंख्या वस्त्यांत राहते. तीही मोहल्ल्याची रहिवासी आहे, आणि बऱ्याचदा आपल्या भागाचा झाडू तिच्याच हातात असतो.

वस्त्यांसाठी महापालिकेने वेगळी ‘दत्तक वस्ती योजना’ आणली, पुढे तिचं नाव ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ झालं. स्थानिक संस्थांना मानधन देऊन साफसफाई करून घ्यायची अशी ती पद्धत. म्हणजे इमारतवाल्यांना वॉर्ड ऑफिसरसमोर खुर्ची, आणि वस्तीला मानधनावरचा झाडू. कुणी मुद्दाम तसं ठरवलं असेल असं नाही, पण फरक दिसायचा तो दिसतोच.

पुण्याकडे पाहिलं तर हीच गोष्ट आणखी लांबवर जाते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे टाकला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, माशा, दुर्गंधी, आगी. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. २०१७ च्या एप्रिल-मे मध्ये तर जवळपास तीन आठवडे. तेव्हा शहरातल्या चकाचक पेठा आणि सोसायट्यांसमोर ढीग साचले आणि पुणेकरांना आपण किती कचरा करतो ते पहिल्यांदा नीट दिसलं. आपला कोपरा स्वच्छ असणं आणि आपला कचरा दुसऱ्याच्या गावात असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. परिसराचा अभिमान मोजायचा असेल तर गेटच्या आत किती चकचकीत आहे यापेक्षा गेटमधून बाहेर काय जातं ते पाहावं, असं मला वाटतं.

याच पुण्यात दुसरं एक काम उभं राहिलं, ज्याचं कौतुक पुणेकर स्वतः फारसं करत नाहीत. १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती दारोदार कचरा गोळा करू लागली. तीन हजारांहून जास्त सदस्य, त्यात बहुसंख्य महिला. घरामागे महिन्याचं ठरलेलं शुल्क, आणि सुका कचरा विकून येणारं उत्पन्न त्यांचं. म्हणून तुमचा पुठ्ठा कोरडा आहे की ओला, यात तिच्या घरच्या मिळकतीचा प्रश्न असतो. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, लाल खूण करून वेगळं द्या, ही मागणीही या महिलांनीच लावून धरली. ते सगळं उघड्या हातांनी वेगळं करावं लागणारी माणसं त्याच होत्या.

विश्वास म्हणजे नेमकं काय, शिकागोचा अभ्यास

चांगल्या मोहल्ल्यात आणि बिघडलेल्या मोहल्ल्यात फरक कशाने पडतो, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. त्यातला प्रसिद्ध सिद्धान्त ‘तुटलेल्या खिडकी’चा. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये तो मांडला: एका इमारतीची फुटलेली काच बदलली नाही तर लवकरच बाकीच्या काचाही फुटतात, कारण इथे कुणाचं लक्ष नाही असा त्याचा अर्थ लोक घेतात. कचऱ्याच्या ढिगाबाबत हे पटकन पटतं. पण या सिद्धान्ताच्या आधारे अमेरिकेत पुढे किरकोळ गुन्ह्यांवर पोलिसांची जी कडक कारवाई झाली, तिच्यावर खूप टीका झाली. घाण दिसली की माणसं हाकला, इतका सोपा अर्थ काढला की काय होतं, ते वर फेरीवाल्यांच्या बाबतीत आपण पाहिलंच.

जास्त उपयोगी पडेल असा अभ्यास १९९७ चा, म्हणजे योगायोगाने एएलएमच्याच सुमाराचा. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागो शहरातल्या ३४३ मोहल्ल्यांमधल्या ८,७८२ लोकांना प्रश्न विचारले. प्रश्न फार घरगुती होते. तुमच्या भागातली मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही बोलतील का? कुणी भिंतीवर काही खरडत असेल तर हटकतील का? इथल्या लोकांवर विश्वास टाकता येतो का? गरिबी आणि इतर गोष्टींचा हिशेब धरूनही असं दिसलं की जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि ‘कुणीतरी बोलेल’ अशी खात्री आहे, तिथे हिंसाचार कमी आहे.

यात घट्ट मैत्री असायलाच हवी असं नाही. आपल्या जुन्या चाळीत हे आपोआप असायचं. गॅलरी एक, नळ एक, त्यामुळे कुणाचं कार्टं कुठे उनाडतंय हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आधी कळायचं. त्या काकूंचा त्रासही होता, हे चाळीत वाढलेले लोक कबूल करतील. टॉवरमध्ये गॅलरी गेली, लिफ्ट आली, आणि शेजाऱ्याचं नाव ग्रुपवर ‘फ्लॅट नंबर ११०३’ असं सेव्ह झालं. तिथे ही ओळख मुद्दाम करावी लागते. आपल्याकडे एक तयार साधन आहे, गणेशोत्सव मंडळ. वर्गणीच्या निमित्ताने प्रत्येक दार ठोठावणारी मुलं तीच असतात. त्यांच्याकडे याद्या असतात, ओळखी असतात, रात्री जागायची तयारी असते. काही मंडळं निर्माल्याचं खत करतात, रक्तदान शिबिरं घेतात. हीच फळी उरलेले अकरा महिने वॉर्ड ऑफिसच्या बैठकीला गेली, तर निवृत्त काकांचे गुडघे हा प्रश्नच उरणार नाही.

तुमच्या हातात कायद्याने काय आहे?

गावांसाठी स्वच्छतेची चळवळ राज्याने आधी मनावर घेतली होती. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. कीर्तनाच्या आधी स्वतः गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांचं नाव त्याला दिलं हे योग्यच. गावाकडे ग्रामसभा हे कायदेशीर व्यासपीठही आहे. शहरात मात्र गल्लीची सभा नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्रातल्या तरतुदीनुसार या समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात ‘क्षेत्र सभे’ची तरतूदही केली, म्हणजे ग्रामसभेसारखी मतदारांची सभा. ती कागदावरच राहिली. तुमच्या भागात कधी क्षेत्र सभेचं बोलावणं आलंय का, आठवून पाहा.

तरी काही दारं उघडी आहेत. कचऱ्याचं पाहायचं तर २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची शक्य तितकी व्यवस्था आपल्याच आवारात करायला सांगितलं. मुंबईत २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना याची सक्ती झाली. सोसायटीच्या सभेत ‘हे ऐच्छिक आहे’ असं कुणी म्हणालं तर ही तारीख उपयोगी पडते. दीड-दोनशे घरांची सोसायटी असेल तर या मर्यादेत आपण सहज बसतो.

झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, स्वतःच्या आवारातलंही नाही. पण झाडं बऱ्याचदा कुऱ्हाडीने न मरता सुशोभीकरणाने मरतात. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. रस्त्याचं काम सुरू असताना खोडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायला लावणं, एवढं एक काम कुणीही करू शकतं. काम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही, म्हणून चालू असतानाच सांगावं लागतं.

तक्रार करायची असेल तर ग्रुपवरच्या फोटोइतकीच मेहनत पुरते, फक्त ती योग्य जागी करायची. फोटो, नेमकी जागा, तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे तक्रार क्रमांक. मुंबईत १९१६ वर नोंद होते. क्रमांक जपून ठेवा, कारण पुढच्या पत्रात तोच लागतो. पंधरा जणांनी पंधरा वेगळ्या तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत करण्यापेक्षा एकाच पत्रावर पंधरा सह्या घेऊन पोच घेतलेली बरी. काम झालं म्हणून बिल निघालं आणि रस्ता तसाच असेल, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून कामाचा आदेश आणि बिलाची प्रत मागता येते. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आदेशात लिहिलेली लांबी-रुंदी घेऊन टेपने रस्ता मोजणारे लोक ठेकेदारांना अजिबात आवडत नाहीत.

पुणेकरांसाठी आणखी एक सोय आहे. २००६ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांब्याचं शेड अशी छोटी कामं त्यात सुचवता येतात. अर्ज पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाआधी, साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात आणि मुदत फार थोडी असते. ‘पदपथ नीट करा’ असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत, डाव्या बाजूचा, अंदाजे ८० मीटर, तीन ठिकाणी फरशा उखडलेल्या’ असं लिहून सोबत फोटो जोडला, तर क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याला अंदाजपत्रक करायला जागेवर जाऊन शोधाशोध करावी लागत नाही. मुदत जाहीर होण्याची वाट पाहू नका. लांबी आजच मोजून वहीत लिहून ठेवता येते.